उत्तर जूनमध्ये

हांडे सर गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांचा दहावा होऊन गेला होता. बातमी पुण्याहून फिरत फिरत आली आणि माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. डबा तसाच मिटला. लवकर कळलं असतं तर सगळी कामं टाकून गेले असते. ज्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी दुसऱ्या कोणाच्या तरी दहाव्याला, निदान त्याच्या दहाव्याला आपण असायला हवं होतं, एवढंच सारखं मनात येत राहिलं.

तेव्हा मी कॉलेजात नवी होते. माहेर माझं घोडेगावचं, आंबेगाव तालुक्यातलं, आणि नोकरी लागली शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या या कॉलेजात. खोली घेतली होती ओतूरला, स्टँडच्या जवळ. नव्वदचं दशक संपायला आलं होतं. कॉलेजनं नुकताच कॉम्प्युटर सायन्सचा अभ्यासक्रम सुरू केला होता आणि तो शिकवायला मी. संस्थेच्या एका संचालकांची आई वारली, म्हणून सगळा स्टाफ मांडवी नदीच्या घाटावर दहाव्याला गेला. आमच्याकडे दहावा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. प्रवचन होतं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात, त्यात पुढच्या निवडणुकीचं थोडं उरकून घेतात, आणि दोन-दोन हजार माणूस उन्हात बसून ऐकतं.

त्या दिवशी भाषणं संपली, पण पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांच्या माना वर. माझ्यापुढच्या पायरीवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ बसले होते, ते मात्र शेजारच्या मुलाशी हळू आवाजात बोलत होते.

"बारावी झाली का रे?"

"झाली."

"सायन्स?"

"व्हय."

गृहस्थांनी पायरीवर पडलेली दर्भाची काडी उचलली. "हे काय?"

"दर्भ."

"आणि तुमच्या रानात काय आहे?"

"ऊस हाये."

"हा दर्भ आणि तो ऊस, दोघं एकाच घराण्यातले. भाऊ-भाऊ म्हण. कशावरून?"

मुलगा काडीकडे बघत राहिला. "कशावरनं?"

"उत्तर जूनमध्ये. कॉलेजात ये, मग सांगतो."

तेवढ्यात कावळा आला, लोक उठले, आणि माझ्या शेजारचे सहकारी कानाशी येऊन म्हणाले, "हे आपले हांडे सर. बॉटनीचे. गिऱ्हाईक धरतायत."

तो मुलगा जूनमध्ये आला. मी त्याला सरांच्या वर्गात पाहिलं.

सरांच्या या उद्योगामागं कारण होतं. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला एक विषय स्पेशल घ्यायचा असतो. सरांचा विषय वनस्पतिशास्त्र. विद्यापीठाचा नियम असा की दर जूनला पहिल्या वर्षाला बॉटनी घेणारी ठरावीक मुलं आली तर स्पेशलचा वर्ग चालणार, नाहीतर बंद. सरांनी हा वर्ग तरुणपणी स्वतः खटपट करून कॉलेजात आणला होता. त्यासाठी पुण्याला विद्यापीठात खेटे घातले होते, काचेच्या बरण्या एसटीच्या टपावर न ठेवता मांडीवर धरून आणल्या होत्या. तो वर्ग आपल्या निवृत्तीपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालावा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. बाकी पगार, पद, विभागप्रमुखाची फिरती खुर्ची, कशाचीच त्यांना तहान नव्हती.

गंमत अशी, आणि मला ती गंमत आजही टोचते, की कॉलेजला मुलं कमी पडत नव्हती. उलट मावत नव्हती. येडगाव आणि माणिकडोह धरणांच्या पाण्यावर द्राक्षं, टोमॅटो, कांदा पिकायला लागला होता, घरात पैसा खेळायला लागला होता, आणि ज्या घरातून कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं तिथल्या मुलीसुद्धा एसटीचा पास काढून कॉलेजला यायला लागल्या होत्या. व्हरांड्यात बाकं टाकली. मग पत्र्याची शेड उभी राहिली. मग सकाळचं एक आणि दुपारचं एक अशी दोन कॉलेजं एका इमारतीत भरायला लागली. बीसीएस, बीबीए, बीसीए, दर जूनला एक नवी पाटी. सगळ्या नव्या पाट्या विनाअनुदानित, फी दाबून, तरी रांग अंगणापर्यंत. कॉलेज फुगत होतं आणि सरांचा वर्ग आटत होता.

सरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग असे, शर्टाच्या आत. कुठं काही दिसलं की ते बाहेर निघायचं. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला सरांचं मंगळसूत्र म्हणायचो. त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "लग्नाच्या आधीपासूनचं आहे हो. हिला सांगूनच लग्न केलं." स्कूटरच्या डिकीत जुनी वर्तमानपत्रं आणि त्यात दाबलेली पानं. एकदा त्यांनी पेट्रोलपंपावर डिकी उघडून टोपण शोधता शोधता अर्धं जंगल खाली मांडलं आणि मागं टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवून कानठळ्या बसवल्या. सर कोणावर चिडले नाहीत. एका टेम्पोवाल्याला खाली बोलावून पान दाखवलं आणि विचारलं, "तुमचा धाकटा कितवीला?"

जुन्नरच्या तांबोळ्यांचा अस्लम त्यांनी असाच बापाच्या पानाच्या टपरीवर पकडला. "विड्याचं पान आणि काळी मिरी एका घरातली. कशावरून?" अस्लमचे वडील म्हणाले, "सर, मीच येतो कॉलेजला, मला पण कळू द्या." अस्लम पुढे वनखात्यात लागला. सरांचं नाव निघालं की आजही कानाच्या पाळीला हात लावतो.

उत्तर ते कधीच तिथल्या तिथं द्यायचे नाहीत. कितीही गयावया केली तरी नाही. "प्रश्न फुकट. उत्तर जूनमध्ये," असं म्हणून उठायचेच.

मे महिन्यात प्राचार्य आम्हाला गावं वाटून द्यायचे. बारावीची मुलं कोणाच्या घरात आहेत ते बघून, आई-बापांशी बोलून, मुलं आपल्या कॉलेजकडे वळवायची. एका वर्षी पिंपरी पेंढारची बाजू सरांना आणि मला मिळून आली. मला गाडी येत नव्हती. तेव्हा सरांच्या स्कूटरवर मागे मी, माझ्या मांडीवर कॉम्प्युटरची गुळगुळीत रंगीत पत्रकं, आणि पुढे बॉटनी. सर म्हणाले, "एका गाडीवर दोन दुकानं. बघू कोणाचं चालतं."

चालायचं माझं. सर अर्धा तास बोलायचे, भिंग काढायचे, दारातल्या जास्वंदीची सगळी वंशावळ सांगायचे. घरातले कौतुकानं ऐकायचे. मग मी पत्रक पुढे करायची आणि बाप विचारायचा, "याच्यावर नोकरी लागती का?" मी म्हणायची, लागते. संपलं. परत निघताना सर स्कूटरला किक मारत म्हणायचे, "तुमचा माल चांगला आहे मॅडम. माझ्या मालाला वेळ लागतो." त्यात कडवटपणा नसायचा. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच फेरीत आम्ही खंडूभाऊंच्या घरी गेलो. बागायतदार माणूस, बराखीत कांदा भरलेला, दारात चिंचेचं मोठं झाड. थोरली मुलगी मनीषा बारावी झालेली. तिनं बॉटनी घ्यावं असं सरांना फार वाटत होतं, कारण त्या वर्षी स्पेशल टिकवायला लागणारी नव्या मुलांची संख्या अगदी काठावर आली होती. एक मुलगी इकडे की वर्ग तरला, तिकडे की बुडाला. सर त्या दिवशी जीव तोडून बोलले. खंडूभाऊ सुपारी कातरत शांतपणे ऐकत होते. सर थांबल्यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"सर, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"तुमची पोरगी बारावी झाली म्हनं औंदा. तिला कशात घातली?"

मला माहीत होतं. तिचा प्रवेश मीच घेतला होता. केतकीनं घरात सरळ सांगितलं होतं की मला कॉम्प्युटर शिकायचंय, आणि सरांनी एका शब्दानं अडवलं नव्हतं. पण त्या ओट्यावर सर "अजून ठरलं नाही" म्हणाले असते तरी चाललं असतं. मी मनातून म्हणतही होते, म्हणा सर, तेवढं म्हणा.

"कॉम्प्युटरला," सर म्हणाले.

खंडूभाऊ हसले नाहीत. "मग माझ्याच पोरीनं काय घोडं मारलंय राव?"

सरांनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं."

मनीषासाठी पत्रक खंडूभाऊंनी माझ्याकडून घेतलं. आम्ही उठलो. चहाच्या कपबशा उचलायला धाकटी आली होती, रूपाली, सातवी-आठवीतली असेल. दिवस कलला होता. सर पायात चपला सरकवताना चिंचेकडे बघत तिला म्हणाले, "काय ग, तुमच्या चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, सकाळी उघडतात. बघितलंस का कधी?"

"रोज बघते."

"मग मिटतात ती का?"

"झोपतात."

"त्यांना कोण सांगतं, दिवस मावळला म्हणून? डोळे तर नाहीत."

रूपाली कपबशा हातात घेऊन उभी. "कोण सांगतं?"

"बारावी झालीस की ये. उत्तर जूनमध्ये."

"कोणत्या जूनमधे?"

"तुझ्या," सर म्हणाले.

 परतीच्या वाटेवर ओतूरच्या वेशीपाशी ते म्हणाले, "केतकीबद्दल खोटं बोललो असतो तर पोरगी मिळाली असती. पण मग तिला शिकवताना तोंड कुठं लपवलं असतं?"

त्या वर्षी स्पेशल एका जागेनं हुकलं. प्राचार्यांनी विद्यापीठाला विनंती केली, एक वर्षाची सवलत मिळाली, आणि त्या सवलतीवर सरांनी शेवटची तुकडी नेटानं पार केली. ती तुकडी सहलीला भीमाशंकरला निघाली तर मुलं इतकी थोडी की बस भरेना. म्हणून मागच्या बाकांवर माझी कॉम्प्युटरची मुलं घातली. जाताना त्यांनी अंताक्षरीनं बस डोक्यावर घेतली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. पण देवळाच्या मागच्या रानात शिरलो आणि पुढे सबंध उतार निळा-जांभळा झालेला दिसला. कारवी फुलली होती. सात वर्षं नुसती हिरवी राहते आणि मग एकदाच सगळी मिळून फुलते आणि मरते, असं सर सांगू लागले. माझ्या मुलांमधला एक जण म्हणाला, "सर, हे परीक्षेला आहे का?" सर म्हणाले, "तुला नाही बाबा. तू नुसतं बघ." तो खरंच नुसता बघत बसला. निघताना सरांनी कारवीच्या एका फांदीवरून हात फिरवला, गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी कोणाला घेऊन येऊ?"



मग स्पेशल गेलं. स्पेशल नाही म्हटल्यावर पहिल्या वर्षी तरी बॉटनी कोण घेणार? खालचे वर्गही मागोमाग गेले. आम्हाला दुसरी लॅब हवी होती आणि बॉटनीची प्रयोगशाळा रिकामी झाली होती. कपाटं हलवायला शिपाई होते, पण सरांनी बरण्या एकेक करून स्वतः नेल्या आणि जिन्याखालच्या खोलीत मांडल्या. वाळवलेल्या पानांचे गठ्ठे नेताना मी हात लावायला गेले तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या साडीला डांबरगोळ्यांचा वास लागेल." आमच्या नव्या लॅबला रंग दिला, एसी बसवला, तरी तो वास गेला नाही. दर जूनला नवी मुलं नाक मुरडून विचारायची, "मॅडम, कसला वास आहे हा?" मी खिडकी उघडायला सांगायची. खरं म्हणजे मला तो वास जाऊ नये असं वाटायचं.

सरांना काम काय द्यायचं हा प्रश्न विद्यापीठानंच सोडवला. सगळ्या शाखांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला. सभागृहात तीन शाखांची मुलं एकत्र कोंबून सर माईकवर शिकवायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा वर्ग तुडुंब भरला. मागची मुलं डबे खायची. पास होणं सोपं होतं, कोणी प्रश्न विचारत नव्हतं. सरही विचारीनासे झाले. भिंग गळ्यात होतं, पण बाहेर निघताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मे महिन्यातल्या फेऱ्यांना ते आपणहून येईनात. मला आता स्कूटी येत होती. मी एकटी जायची आणि कुठल्याही दारात जास्वंद दिसली की गाडी हळू करायची.

सरांचा शेवटचा जून आला. महिनाअखेर निवृत्ती. प्रवेशाची गर्दी इतकी की टेबलं अंगणात शेडखाली मांडली होती. माझ्या टेबलाशेजारी सर बसले होते, कोणाची कागदपत्रं कुठं द्यायची ते सांगायला. रांग सरकत सरकत एक मुलगी पुढे आली, मागे पांढऱ्या टोपीतले वडील. मी पत्रक पुढे केलं.

"कॉम्प्युटर नको," मुलगी म्हणाली. "मला बॉटनी."

माझ्यामागचा क्लार्क खो खो हसला. "बॉटनी? ती मेली कवाच!"

मी वडिलांकडे पाहिलं आणि ओळखलं. खंडूभाऊ. सर पण उठून उभे राहिले होते.

"सर, वळखलं का? ही धाकटी. लई डोकं खाल्लं हिनं. थोरलीला न्हाई दिली तुमच्याकडं, पर ही म्हनती सरांकडंच जायचं. म्हनलं चला, सरांचं एक देनं व्हतं."

 इतकी वर्षं दहाव्यांना, लग्नांना, आठवडेबाजाराला हात जोडून फिरलेला माणूस, आणि ज्या दिवशी एक मुलगी कोणी न बोलावता आपल्या पायांनी दारात आली त्या दिवशी दार नाही.

"इथं नाही ग आता," सर म्हणाले. "बंद झालं."

रूपालीचा चेहरा पडला. "पण तुम्ही म्हणाला होता. माझ्या जूनमधे ये."

"म्हणालो होतो."

खंडूभाऊंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "मग आसंल तिथं… पुण्यात हाये का?"

"आहे. चांगलं आहे."

"पर पोरगी एकटी पुन्यात? न्हाई सर. ते न्हाई जमायचं."

मागची रांग कुरकुरायला लागली. सर टेबलाला वळसा घालून पुढे गेले आणि त्यांनी खंडूभाऊंचा हात धरला. "एकटी कशाला? केतकी आहे माझी तिथं. कॉम्प्युटरवाली. नोकरी करते, दोन खोल्यांत राहते. तिच्याकडं राहील. आणि मी आता महिनाअखेर मोकळा, मी पण तिथंच. माझ्या डोळ्यांसमोर राहील तुमची पोर."

खंडूभाऊ माझ्याकडे वळले.  "मॅडम, तुमी सांगा. आमची थोरली तुमच्या हाताखालून गेली. काय करू?"

माझ्या टेबलावर पत्रकांची चळत होती. मी म्हणाले, "पाठवा भाऊ. मी तुमच्या जागी असते तर पाठवली असती."

"मंग उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ," खंडूभाऊ म्हणाले आणि रूपाली तिथंच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघून ओतूरच्या स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली होती. खंडूभाऊ आत जागा धरून बसले होते, त्यांच्यामागे खिडकीशी रूपाली आणि तिच्या शेजारी सर, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. भिंग शर्टाच्या बाहेर लोंबत होतं. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. रूपाली त्यांना म्हणत होती, "सर, आता तरी सांगा ना. चिंचेला कोण सांगतं?"

"छे," सर म्हणाले. "आता सांगितलं तर तू पुण्याला जाशील कशाला?"

ती हसली, मी हसले, आणि सरही हसले, तसे हसताना मी त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. कंडक्टरनं बेल दिली. सर खिडकीतून वाकून मला म्हणाले, "मॅडम, त्या लॅबची खिडकी उघडी ठेवत जा. गठ्ठ्यांचा वास मुलांना सोसत नाही." गाडी वळली आणि नारायणगावच्या रस्त्याला लागली.

महिनाअखेर निवृत्त होऊन सर पुण्याला गेले, त्यानंतर मला दिसले नाहीत. आज जाऊ, दिवाळीत जाऊ, असं म्हणता म्हणता राहिलंच. रूपाली आता तिकडेच कुठल्याशा कॉलेजात शिकवते असं खंडूभाऊ सांगतात.

माझ्या खोलीसमोर पण एक चिंच आहे. संध्याकाळी परत येते तेव्हा तिची पानं मिटायला लागलेली असतात. दिवसभर माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो. शोधलं तर तिला कोण सांगतं ते लगेच सापडेल. मी अजून शोधलेलं नाही.